आमची वाटचाल: जांभळ्या टोपणाच्या नळीतून मायक्रोआरएनएकडे

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमची लॅब सुरू झाली ती शुगर, थायरॉइड, सीबीसी अशा रोजच्या तपासण्यांवर. पुढे संशोधकांसाठी रक्ताचे नमुने तयार करून पाठवायचं काम मिळालं आणि अल्झायमरच्या मायक्रोआरएनएशी गाठ पडली.

मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतल्या आरएनएचा जेमतेम 22 न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे 22 दुव्यांचा) तुकडा. कुठलं प्रथिन किती बनावं यावर त्याचा लगाम असतो. व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रुव्हकुन यांनी 1993 मध्ये तो एका इवल्याशा कृमीत दाखवला. 2024 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्झायमरच्या मेंदूत मायक्रोआरएनए-132 घटलेला वारंवार आढळतो. मायक्रोआरएनए-29 कमी पडला की बेस-1 हे एन्झाइम वाढतं आणि त्यातून अमायलॉइड, म्हणजे या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन, जास्त तयार होतं. असे तुकडे रक्तातही टिकून राहतात, म्हणून तर रक्तावरून निदान व्हावं ही धडपड.

पण सगळी मदार नमुन्यावर. नळी ईडीटीएची (हे रक्त गोठू देत नाही), जांभळ्या टोपणाचीच हवी. रक्त न गोठू देणारं दुसरं रसायन हेपरिन, पण त्याने पीसीआर, म्हणजे हे तुकडे मोजायची चाचणी, अडतं. दंडाची पट्टी फार वेळ आवळली किंवा नळी खसाखसा हलवली की तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यात 451 आणि 16 हे मायक्रोआरएनए भरपूर असतात, ते प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) उतरले की आकडे फसवे येतात. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढलेला प्लाझ्मा पिवळसर, पारदर्शक दिसला पाहिजे. गुलाबी झाक दिसली की आम्ही तो नमुना बाजूला ठेवतो, मग पेशंट गडहिंग्लजहून का आलेला असेना. डोळ्यांना न दिसणारी गडबड मायक्रोआरएनए-451 आणि पेशी फुटल्या तरी फारसा न बदलणारा 23-ए यांची तुलना करून पकडता येते. आमच्या पोरींचा हात यात इतका बसलाय, की त्याचा मला फार अभिमान वाटतो.

2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला. नमुन्यांचा उणे 80 अंशांचा फ्रीझर जनरेटरवर चालवत डिझेलसाठी वणवण केली.

उपचाराची वाट अजून लांबची. घटलेला मायक्रोआरएनए बाहेरून द्यायचा किंवा वाढलेल्याला रोखायचं, हा विचार पक्का आहे. पण औषध रक्तातून मेंदूत शिरणं अवघड, शिवाय एकेक तुकडा अनेक जनुकांवर चालतो.

"आत्तीस्नी जेवल्याचं ध्यानात ऱ्हाईना, रक्तातनं कळंल का ओ?" असं सुना विचारतात. मायक्रोआरएनएची तपासणी आम्ही विकत नाही, कारण ती अजून संशोधनातच आहे. आधी डॉक्टरांना दाखवा, बी-12 आणि थायरॉइड बघून घ्या, असं सांगतो. त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो, आणि त्यावर आज औषध आहे.