तीन ठेकेदार आणि एक भेग

आमचं ऑफिस छोटंसं, सर नकाशे काढतात आणि साईटवर ऊन खायला मी, त्यामुळे इंदूरच्या आसपासचे बरेच ठेकेदार मला ओळखतात. तरीपण साईटवर कुणी काका उभे असले की सगळे बोलणार काकांशीच, मॅडमने फक्त टेपचं दुसरं टोक धरायचं. त्याची आता सवय झालीये.

तर यावेळचे आमचे क्लायंट काका बँकेत ऑडिटला होते, रामबागेतलं जुनं घर सोडून खंडवा रोडला तेजाजी नगरच्या पुढे प्लॉटवर बंगला बांधला, बंगला झाला आणि राहिला गेटपासून पोर्चपर्यंतचा रस्ता, १२० फूट लांब, १२ फूट रुंद. सिमेंट नको, पेव्हर नको, पाणी जमिनीत मुरलं पाहिजे, बोअरवेल दर उन्हाळ्यात दम तोडते म्हणून गिट्टीचा, म्हणजे खडीचा, रस्ता हवा. विचार चांगलाच होता, फक्त मोबाईलमध्ये जो फोटो दाखवत होते त्यात पांढरे गुळगुळीत गोटे होते, कुठल्यातरी रिसॉर्टचे. मी सांगितलं की काका गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, गाडीचं चाक आलं की बाजूला सरकतात, टोकदार फोडलेला दगडच हवा. मॅकॅडम नावाचा स्कॉटिश माणूस १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्व्हेअर झाला आणि त्याने हेच केलं, फोडलेल्या दगडाचे कोपरे एकमेकांत घट्ट बसतात म्हणून रस्ता टिकतो, आपलं डब्ल्यूबीएम (वॉटर बाउंड मॅकॅडम, पाणी मारून रोलरने दाबलेला खडीचा रस्ता) तिथूनच आलंय. काकांनी ऐकून घेतलं, फोटो मात्र डिलीट केला नाही.

आता ठेकेदार ठरवायचा. आम्ही एरवी वेगवेगळ्या दिवशी बोलावतो, पण काकांची आयडिया अशी की तिघांनाही एकाच रविवारी सकाळी आठला बोलवा, समोरासमोर उभे राहिले की रेट आपोआप खाली येतील. सर हसले आणि म्हणाले जा तू. काकूंनी पोहे केले होते, बाहेर डोकावून म्हणाल्या, "अहो, हे काय स्वयंवर मांडलंय?"

मे संपत आला होता, आठलाच चटके बसत होते. पहिला ठेकेदार बुलेटवरून आला, गेटपासून पोर्चपर्यंत पावलं टाकत गेला आणि परत येऊन म्हणाला, "अंकलजी, तीन इंच गिट्टी डालेंगे, रोलर मार देंगे, दो दिन का काम." काकांनी विचारलं गॅरंटी? "पाँच साल." इतक्या चटकन की काका खूश, डायरीत लिहूनही घेतलं. दुसऱ्याचं मन गिट्टीत नव्हतंच, त्याचा खरा धंदा पेव्हरचा, तो सारखं हेच सांगत होता की गिट्टी उडते, गवत येतं, ब्लॉक लावून टाका. पूर्ण खोटं नाही बोलत होता तो, गवत येतंच.

तिसरा जरा वयस्कर, बराच वेळ काही बोललाच नाही. पोहे खाल्ले, चहा घेतला, रेट विचारला तर म्हणे थोडं थांबा, आणि बांधकामावरच्या पोराकडून सब्बल, म्हणजे पहार, मागून गेटजवळ गेला. तिथे जमिनीला भेगा पडलेल्या होत्या, उन्हाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीला पडतात तशा, आपण त्या रोज ओलांडून जातो. त्याने एका भेगेत सब्बल उभी धरली आणि सोडली. जवळजवळ अडीच फूट आत गेली, ठोकावी लागली नाही, दाबावीही लागली नाही, वर फक्त मूठभर लोखंड. मग बादलीभर पाणी ओतलं त्याच भेगेत, ते गटगट करत गेलं आणि वर एक थेंबसुद्धा साचला नाही. काका वाकून बघत राहिले, बाकीचे दोघंही गप्प.

"पानी कहाँ गया, अंकलजी?" त्याने विचारलं.

काका अस्सल इंदूरचे, सवयीने माळव्याची जुनी म्हण म्हणून गेले, "मालव धरती गहन गंभीर..."

"वही गंभीरता आपकी गिट्टी खाएगी," तो म्हणाला.

खरं तर हे सांगायला मला रिपोर्ट दाखवावा लागला असता. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, पावसाळ्यात ती लोण्यासारखी मऊ होते आणि वर टाकलेली तीन इंच गिट्टी चाकाच्या दाबाने आत रुतते, चिखल दगडांच्या फटींतून वर येतो, दिवाळीपर्यंत रस्ता कुठे होता ते शोधावं लागतं. याची टेस्ट पण आहे, भारतीय मानक आयएस २७२० भाग ४०, चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम दोन सिलिंडरमध्ये, एकात पाणी एकात केरोसिन, २४ तास ठेवायची, केरोसिनमध्ये माती फुगत नाही म्हणून फरक लगेच कळतो. मी नंतर केली सुद्धा (आजकाल केरोसिन मिळवणं हेच मोठं काम आहे), पण काकांचं मन त्या सब्बलने आधीच वळवलं होतं.

मग त्याने सांगायला सुरुवात केली आणि आता तो माझ्याकडे बघून बोलत होता. एक फूट काळी माती काढून टाकायची, खाली नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाईल म्हणजे न विणलेला जाड कपडा, त्यावर सहा इंच मुरुम पण दोन थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर, मग चार इंच ४० एमएमची गिट्टी, वर दोन इंच २० एमएमची. दोन्ही कडांना कर्ब, म्हणजे कडेचे उभे दगड, नाहीतर गिट्टी लॉनमध्ये पसरते, आणि मधे रस्ता कडांपेक्षा दोन इंच उंच, म्हणजे पाणी वर थांबत नाही. मी मनात हिशोब केला, सहा फुटांत दोन इंच म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास, बरोबर होतं. बुलेटवाला हसला, "सड़क के नीचे कपड़ा कौन बिछाता है?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही. कपडा नसला तर मुरुम आणि काळी माती एकमेकांत मिसळतात, ताडपत्री टाकली तर पाणी अडतं, म्हणून हा फेल्टसारखा, पाणी जाऊ देतो, माती जाऊ देत नाही.

रेट पहिल्याच्या दुपटीच्या वर. काकांनी चष्मा काढला. गॅरंटी किती? तर हा म्हणे गॅरंटी नाही. गिट्टी आहे, ती हलणारच, जो पाच वर्षं म्हणतो तो पाच वर्षांनी फोन उचलणार नाही. त्याऐवजी दहा टक्के पैसे तुमच्याकडे ठेवा, पावसाळा संपला की मी येऊन चाकोऱ्या दंताळीने ओढून देईन, ढाळ परत धरून देईन, मग ते पैसे द्या. त्यापुढे वर्षातून एकदा यायचं तर दिवसाची मजुरी आणि लागेल तेवढी गिट्टी. ऑडिटरला हे 'दहा टक्के तुमच्याकडे ठेवा' फार आवडलं, चेहऱ्यावरच दिसलं.

तेवढ्यात काकूंनी विचारलं की या दगडांवरून मी भाजी आणायला चालणार कशी, गुडघ्यांचं काय? आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, ड्रॉइंगमध्ये पण नाही. त्याने लगेच कडेला तीन फुटांची कोटा फरशीची पट्टी सुचवली, पॉलिश न केलेली, पावसात घसरू नये म्हणून. गिट्टी तेवढी कमी लागेल, तेवढे पैसे वजा. बुलेटवाला तोपर्यंत किक मारून गेला होता. पेव्हरवाला थांबला आणि हळूच तिसऱ्याला विचारत होता की तो कपडा सियागंजच्या बाजारात मिळतो का.

काम तिसऱ्यालाच मिळालं आणि पावसाच्या जेमतेम आधी झालं. खणलेल्या मातीतल्या दोन ट्रॉल्या काकूंनी गुलाबांसाठी ठेवून घेतल्या, बाकी शेजारच्या शेतात गेली. गिट्टीचा डंपर आला तेव्हा ठेकेदार वर चढला, मधोमध सळई खुपसून खोली बघितली, लांबी-रुंदी टेपने घेतली आणि ड्रायव्हरशी अर्धा तास भांडला कारण मागच्या बाजूला माल खड्ड्यासारखा बसलेला होता. वाटेत हादऱ्यांनी माल बसतोच, पण इतका नाही, आणि ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) हिशोबात तो फरक काकांच्या खिशातून जाणार होता. काका आत जाऊन स्वतःची पट्टी घेऊन आले, त्यांना तर उत्सवच.

पावसाळ्यानंतर मी गेले तेव्हा काका जिथे गाडी वळवतात तिथे चाकाखाली एक इंचभर बसलं होतं, बाकी ठीक, गेटजवळ चिखल नव्हता. ठेकेदार सांगितल्याप्रमाणे आला, दोन माणसं लावून दंताळीने ओढून घेतलं, कमी पडली तिथे गिट्टी टाकली, कडेचं गवत उपटलं. काकांनी दोरी ताणून मधली दोन इंच उंची स्वतः तपासली, मग दहा टक्क्यांचा चेक फाडला आणि त्यावर सही करण्याआधी उरलेली अर्धी ट्रॉली गिट्टी कुणाची यावरून घासाघीस सुरू केली. ती पुढच्या वर्षासाठी इथेच राहील आणि पुढच्या वर्षीच्या बिलात धरायची नाही, असं मला साक्षीदार ठेवून लिहून घेतलं.