पैलवानाच्या पोटऱ्या

शनिवारी दुपारी इथल्या लायब्ररीत एक डॉक्युमेंटरी बघितली, तेव्हापासून डोकं जाग्यावर नाही. खरं तर जाणारच नव्हतो. पण ऑफिसातली एक बाई तिथं मदत करते, फेब्रुवारीचा शेवटचा दिवस म्हणजे दुर्मिळ आजारांचा दिवस असतो म्हणे, तिनं आठवडाभर आधी कागद हातात दिला आणि नाही म्हणायला तोंड झालं नाही. शिवाय चहा-बिस्किट फुकट, आणि बाहेर इंग्लंडातल्या ह्या न्यूकॅसलचा तो नाक कापणारा वारा.

पिक्चर नऊ वर्षांच्या एका पोराचा, डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजत जायचा आजार झालेल्या. पहिली पाच मिनिटं मी मोबाईलच बघत होतो. मग ते पोरगं गालिच्यावर खेळत होतं ते उठलं. कसं उठलं सांगतो. आधी पालथं झालं, दोन्ही हात जमिनीवर टेकले, ढुंगण वर केलं, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर, आणि तिथून आपल्याच मांड्यांवरनं हात वर वर सरकवत, माडावर माणूस चढतो तसं स्वतःच्याच अंगावर चढून उभं राहिलं.

चहा हातात तसाच राहिला. असं उठणारा माणूस मी बघितलाय. बेळगावच्या शहापुरात, आमच्या गल्लीत, रोज.

आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. पोटऱ्यांमुळं. हाफ चड्डीत त्याच्या पोटऱ्या अशा घट्ट, गोल दिसायच्या की आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघायला गेलो तर मोठी माणसं दाबून बघायची आणि म्हणायची, ह्याला तालमीत घाला. त्याचे बाबा मागावर कामाला, रोजावर घर चालायचं, तरी त्यांनी खरोखर चार महिने खारीक, बदाम आणि ज्यादा दूध चालू केलं होतं. आणि हाच पैलवान शाळेचा जिना चढताना कठडा सोडला की धापकन पडायचा. आम्ही हसायचो. तोही हसायचा.

त्या पोटऱ्या ताकदीच्या नव्हत्याच, हे मला शनिवारी कळलं. स्नायूला धरून ठेवणारं एक प्रोटीन ह्या पोरांच्या शरीरात तयारच होत नाही, डिस्ट्रॉफिन म्हणतात त्याला, त्यामुळं स्नायू झिजत जातो आणि त्याच्या जागी चरबी भरते. म्हणून पोटरी फुगते. आणि त्या उठायच्या पद्धतीला नावसुद्धा आहे, गॉवर्स साइन, लंडनच्या गॉवर्स नावाच्या डॉक्टरनं १८७९ सालीच लिहून ठेवलेली. १८७९! आणि आम्ही शंभर वर्षांनंतर गल्लीत त्याची नक्कल करून दाखवत होतो. एका डॉक्टरनं कॅल्शियम दिलं, दुसऱ्यानं सांगितलं वाढत्या वयात होतं असं, मग मिरज झाली, शेवटी बेंगळूरला नाव कळलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि चालणं जवळजवळ थांबलं होतं.

सगळ्यात वाईट काकूंचं, म्हणजे पैलवानाच्या आईचं झालं. काका-काकू नात्यातले, मामाच्या घरात दिलेली मुलगी, आपल्याकडं ते काय नवीन नाही. पण गल्लीनं निकाल देऊन टाकला की नात्यात लग्न केलं म्हणून हे. माझ्या घरातही बोललेत, खोटं कशाला सांगू. आता ऐका. नात्यातल्या लग्नातनं काही आजार येतात हे खरं, पण ह्याला नातं लागतच नाही. ही खोट एक्स क्रोमोसोमवर असते, आईकडनं मुलाला येते, आईला स्वतःला बहुतेक काही होत नाही, आणि तीनातल्या एका पोराच्या बाबतीत तर आईकडंही नसते, नव्यानंच होते. काकूंना हे कुणी सांगितलं असेल का?

पिक्चर संपल्यावर शेजारच्या आजीबाईंनी डोळे पुसत विचारलं, तुमच्या देशात अशा मुलांचं काय होतं हो? मला राग आला. कारण नसताना आला. मी छाती फुगवून सांगितलं, आमच्याकडं अख्खी गल्ली सांभाळते.

आणि ते खोटं नव्हतं हां! उद्यमबागेतल्या एका लेथवाल्या काकांनी त्याला लुनाची चाकं लावून खुर्ची करून दिली होती, एक पैसा घेतला नाही. अपंगाच्या दाखल्याचा कन्नड फॉर्म माझ्या बाबांनी बसून भरला. आणि शिवजयंतीचा चित्ररथ! पलीकडच्या गल्लीची पावनखिंड असायची, तलवारी, रक्त, धूर, सगळं. आमच्या गल्लीनं सलग तीन वर्षं राज्याभिषेक केला, का, तर महाराज सिंहासनावर बसलेले पाहिजेत म्हणून. चौघं मिळून पैलवानाला ट्रॉलीवर चढवायचो आणि पहाटेपर्यंत तो जिरेटोप घालून बसायचा, मान अवघडली तरी खाली उतरवा म्हणायचा नाही. असलं काही ह्या लोकांच्या डॉक्युमेंटरीत आहे का? त्या पोराचे मित्र मोजून दोन दिसले मला, आणि सांभाळायला येतात ती पगारी माणसं.

पण मग परत येताना बसस्टॉपवर एक व्हीलचेअरवाला होता. ड्रायव्हर उतरला, रॅम्प पाडला, आतल्या बाईनं कुरकुर करत का होईना बाबागाडी मिटली, माणूस आत आला. दीड मिनिट. कुणी वर बघितलं नाही, कुणी अरेरे केलं नाही, त्यानं कुणाचे आभार मानत हात जोडले नाहीत. ह्यावरनं इथं सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली होती, बाबागाडी की व्हीलचेअर, आणि २०१७ ला कोर्ट म्हणालं की ड्रायव्हरनं नुसती विनंती करून गप्प बसायचं नाही. मी ते दीड मिनिट बघत राहिलो. पैलवानाला कुठं जायचं तर चार जण मोकळे आहेत का ते आधी बघायला लागायचं. पाऊस असला की नाही. परीक्षा असली की नाही. दहावीनंतर आम्ही चौघं चार दिशांना गेलो, मग चित्ररथावर पावनखिंडच सुरू झाली.

त्या डॉक्युमेंटरीतला एक आकडा डोक्यातनं जात नाही. ह्याच न्यूकॅसलच्या पेशंटांचा आहे. १९६० च्या दशकात ही पोरं सरासरी १४.४ वर्षांची असताना जायची, १९९० नंतर ज्यांना घरी रात्रीचा व्हेंटिलेटर मिळाला त्यांची सरासरी २५.३ झाली. हे छापून आलं २००२ ला. पैलवान गेला २००४ ला, एकोणीस वर्षांचा, छातीत कफ होऊन. मी तेव्हा पिंपरीत, नोकरी लागून पाच महिने झालेले, कन्फर्मेशन व्हायचं होतं, रात्रीची गाडी पकडली असती तर सकाळी पोचलो असतो पण सुपरवायझर कसला होता ते मलाच माहीत, आणि पोचलो तरी काय करणार होतो. दिवाळीला गेलो तेव्हा काकूंकडं जाऊन आलो. दहा मिनिटं बसलो.

हे सगळं आजच का लिहितोय ते सांगतो. त्याला एक बहीण आहे, खूप धाकटी, तो गेला तेव्हा दुसरीत होती. आता खानापूरला दिलीय. तिला चार वर्षांचा मुलगा आहे, माझ्या आईच्या स्टेटसला फोटो असतो अधूनमधून. काकूंमध्ये ती खोट असेल तर मुलीत यायची शक्यता निम्मी, आणि मुलीत असली तर तिच्या मुलात परत निम्मी. रक्ताची एक साधी टेस्ट असते, सीके, काहीशे रुपयांत होते, तीच आधी करतात. त्या फोटोत पोरगं उभं आहे, हाफ चड्डीत. मी झूम करून करून बघितलं. फोटोत काय कळतंय.

रविवारी आईला फोन केला. आधी चिडलीच. "आता कशाला उकरून काढुलास ते? पळतंय की पोरगं चांगलं."

म्हटलं, आई, तोही पळायचा चौथीपर्यंत.

बराच वेळ काही बोलली नाही. मागं कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "फोनवर नको सांगायला तिला. मंगळवारी मीच जातो खानापूरला, कुंदा घेऊन. टेबलावर नको म्हणतो, खाली पाट मांडून जेवाय बसवतो पोराला. आणि उठताना बघतो."