पामची पिवळी झावळी कापावी का?

माझी बाग पाहायला येणारे बहुतेक जण जाता जाता हा एक प्रश्न विचारतातच: "खालच्या झावळ्या पिवळ्या पडल्या आहेत, त्या काढून टाकायच्या ना?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. झावळी पूर्ण वाळून तपकिरी होईपर्यंत तिला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

पामला पोटॅश कमी पडले, की तो जुन्या पानांतले पोटॅश काढून कोवळ्या पानांना पुरवतो. अशी झावळी उजेडाकडे धरून पाहिली, तर पात्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके दिसतात आणि पात्यांची टोके करपलेली असतात. ती कापली, तर झाड तिच्या वरच्या हिरव्या झावळीतून पोटॅश ओढू लागते आणि पिवळेपणा एकेक थर वर चढत जातो. यावर उपाय खताचा आहे, कोयत्याचा नाही. पोटॅश अधिक असलेले, सोबत मॅग्नेशियम असलेले आणि सावकाश विरघळणारे खत बुंध्याशी ढीग न करता झाडाच्या घेराखाली पसरून द्यावे. हिरवळीला घालतात ते नत्राचे खत पामच्या मुळांशी गेले, तर ही तूट आणखी वाढते. पिवळी पाने पुन्हा हिरवी होत नाहीत; गुण येतो तो नव्या पानांवर, आणि त्याला वर्ष-दोन वर्षे लागतात.

सुरुवातीच्या काळात, झाड नीटनेटके दिसावे म्हणून, मी जमिनीला समांतर असलेल्याच काय, वर झेपावलेल्या हिरव्या झावळ्याही सलग काही वर्षे उतरवल्या आणि शेंड्यावर मूठभर पाने ठेवली. त्या वर्षांत वाढलेले खोड बारीक राहिले. आज झाड त्याच्या कितीतरी वर गेले आहे, तरी मधली ती आवळलेली जागा तशीच दिसते आणि ती पाहून मला अजून वाईट वाटते.

पामच्या खोडावरची जखम आंबा-चिंचेच्या खोडासारखी साल धरून भरून येत नाही. म्हणून खिळ्यांचे बूट घालून वर चढणाऱ्याला मी स्पष्ट नकार देतो. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा, म्हणजे पामचे खोड आतून पोखरणारी कीड, येतो, हेही ध्यानात ठेवावे. झावळी ओरबाडू नये, देठाचा थोडा भाग ठेवून कापावी आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना हत्यार निर्जंतुक करावे. खजुराच्या जातीच्या पामांत मर रोग करवतीबरोबर पसरतो. बॉटल पाम आपली वाळलेली पाने आपणच टाकतो, तिथे फक्त वाट पाहावी.

एकखोडी पामचा शेंडा कधीही छाटू नये, कारण वाढीचा कोंब तेवढा एकच असतो. तो गेला की झाड गेले. अरेका पामचे बेट दाट झाले असेल, तर जुने खोड जमिनीलगत कापावे, कारण मध्येच तोडलेल्या खोडाला नवा फुटवा येत नाही.