खताच्या पिशवीतला मॅकबुक

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दुकानात येणारे लॅपटॉप बहुतेक ठरलेले असतात. कुणाच्या की-बोर्डवर चहा सांडलेला, कुणाची बिजागरी तुटलेली, पावसाळ्यात तर ओल धरलेले मदरबोर्ड रांगेनं. जुन्या मॅकवर, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरवर, नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालून द्या म्हणणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं. गेल्या पावसाळ्यातलं असं एक काम मला लिहून ठेवायचंय. अशी यंत्रं ‘आता काही होत नाही’ म्हणून भंगारात जाताना मी रोज बघतो आणि प्रत्येक वेळी मला त्याचा त्रास होतो.

रविवार होता, दुपारी पाऊस धो धो. कागल तालुक्यातून बाप-लेक आले होते. वडिलांनी, म्हणजे मामांनी, लॅपटॉप खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, वर टॉवेल बांधून, पोटाशी धरून आणलेला. स्वतः नखशिखांत भिजलेले, लॅपटॉप कोरडा.

“दादा, पोरगीचं काम अडलंय बघा. ह्यात काय जीव हाय का सांगा. नवा घ्याचा म्हटलं तर लाखाकडं जातंय, आन् उसाचं बिल यायला अजून अवकाश हाय.”

पिशवीतून निघाला १३ इंची मॅकबुक प्रो, २०१२ चा. पुण्यातल्या आत्यानं वापरून दिलेला. ४ जीबी रॅम, मूळचीच फिरती हार्ड डिस्क, बॅटरी फुगायच्या बेतात. मुलगी कम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होती. आयफोनची ॲप्स बनवायला ती स्वतःच शिकली होती, याच मशीनवर. पुण्याच्या एका कंपनीनं मुलाखतीआधी काम दिलं होतं: आम्ही पाठवतो तो प्रोजेक्ट उघडा, त्यात तुमचा एक भाग लिहा, सोमवारी रात्रीपर्यंत परत पाठवा. आणि तो प्रोजेक्ट तिच्याकडं उघडतच नव्हता.

ॲपलनं या मॉडेलला दिलेली शेवटची सिस्टिम कॅटालिना, २०१९ ची. कॅटालिनावर एक्सकोड, म्हणजे ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, १२.४ च्या पुढं जात नाही. कंपनीनं प्रोजेक्ट एक्सकोड १६ मध्ये बनवलेला. त्या आवृत्तीनं प्रोजेक्ट फाइलचा साचाच बदलला. एक्सकोड १५ सुद्धा तो नवा साचा उघडत नाही, तिथं १२.४ ची काय कथा. एक्सकोड १६ ला किमान मॅकओएस सोनोमा १४.५ लागतं, म्हणजे कॅटालिनाच्या बरीच पुढची सिस्टिम. कंपनीचीही त्यात चूक नव्हती. तेव्हाचा नियमच तसा होता: २४ एप्रिल २०२५ पासून ॲप स्टोअरवर टाकायचं ॲप एक्सकोड १६ किंवा त्यापुढच्या आवृत्तीनंच बांधलेलं असावं लागत होतं.

“काका, मित्राच्या मशीनवर करून दिलं असतं, पण त्याचंही कॅटालिनाच आहे,” ती म्हणाली. आवाज बसला होता. रात्रभर जागलेली असावी.

मी हो म्हणालो ते मॉडेल बघून. या मॅकबुकचं मागचं झाकण दहा स्क्रूत निघतं. रॅमचे दोन खाचे मोकळे मिळतात, डिस्कची जागा साधी अडीच इंची, लॅन केबलचं भोकसुद्धा बाजूला आहे. नंतरच्या रेटिना मॉडेलांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली आली. तिथं ४ जीबी म्हणजे कायमचं ४ जीबी. इथं तसं नव्हतं. प्रोसेसर दोन कोरचा आय-५, वेग बेताचा, पण धडधाकट.

ॲपलनं सोडून दिलेल्या जुन्या मॅकवर नवी सिस्टिम चढवणारं, ओपनकोअर लेगसी पॅचर नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. डॉर्टेनिया या गटानं ते बिग सर, म्हणजे कॅटालिनानंतरच्या सिस्टिमच्या काळात बाहेर आणलं. त्याआधी सिएरापासून कॅटालिनापर्यंतच्या सिस्टिमसाठीचे पॅचर डॉसड्यूड१ या नावानं काम करणाऱ्या एका तरुणानं लिहून फुकट वाटले होते. बिनपगारी राबून लोकांची मशीन वाचवणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पेन ड्राइव्हवर हा पॅचर भरून विकणारे लोक दिसतात, त्यांच्याकडून घेऊ नये. मूळ ठिकाणी तो मोफत आहे, आणि त्या पेन ड्राइव्हमध्ये आणखी काय घातलंय ते कुणालाच कळत नाही.

तो करतो काय? डिस्कच्या सुरुवातीला ईएफआय नावाचा एक छोटा कप्पा असतो. तिथं ओपनकोअर बसतं आणि मॅकओएसच्या आधी जागं होतं. सिस्टिम ‘हे मॉडेल माझ्या यादीत आहे का’ असं विचारते, तेव्हा हे मध्ये उभं राहून तिला पुढं जाऊ देतं. एवढ्यानं सिस्टिम चढते, पण भागत नाही. या मशीनच्या इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सचे ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, ॲपलनं मॉन्टेरी या आवृत्तीपासून काढले. त्याच्या वायफाय कार्डाचेही सोनोमात नाहीत. ते जुने ड्रायव्हर पॅचर नंतर सिस्टिममध्ये परत बसवतो. त्यासाठी सिस्टिमवरचं ॲपलचं सील मोडावं लागतं आणि संरक्षणाचा एक भाग ढिला ठेवावा लागतो.

हे मी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी दोघांना सांगितलं, मामांना कळेल अशा शब्दांत. सील मोडतंय, म्हणून या मशीनवर कुठलंही चोरीचं सॉफ्टवेअर घालायचं नाही. ‘अपडेट आलंय’ असं दिसलं की लगेच दाबायचं नाही, कारण प्रत्येक अपडेट हे ड्रायव्हर पुसून टाकतं आणि पॅच पुन्हा लावावा लागतो. माझ्या मते हे न सांगता जो दुकानदार पॅच लावून मशीन हातात देतो, तो गिऱ्हाइकाला अंधारात ठेवतो.

“आमच्या जुन्या म्हशीगत झालं की,” मामा म्हणाले. “दूध देतीया, पर धार काढायची रीत तिची तिलाच ठावं. समजून घेतलं म्हंजी झालं.”

आधी तिचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. बॅटरी बदलली, १६ जीबी रॅम घातली. ॲपलच्या कागदावर या मॉडेलला ८ लिहिलंय, पण १६ व्यवस्थित चालते. फिरत्या डिस्कच्या जागी ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली. दुकानातल्या मॅकवर सोनोमाचा इन्स्टॉलर आधीच उतरवलेला होता, १३ जीबीच्या आसपासचा, त्यामुळं पेन ड्राइव्ह लवकर तयार झाला. ऑप्शन की दाबून मशीन चालू केलं, ईएफआय बूट निवडलं, इन्स्टॉलर उघडला. इथवर सगळं सुरळीत.

मग पट्टी अर्ध्यावर अडकली. हलेना. पुन्हा सुरू केलं, तर या वेळी दुसऱ्याच ठिकाणी एरर. तेवढ्यात लाइट गेली. दुकान इन्व्हर्टरवर आलं, आणि पोरीचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

अशा वेळी पहिला संशय पॅचरवर जातो, आणि लोक आवृत्त्या बदलत बसतात. पण सॉफ्टवेअरचं दुखणं बहुधा एकाच जागी दुखतं. जागा बदलत असेल तर हार्डवेअरकडं बघावं, असा माझा अनुभव. एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि बाहेरून जोडून तेच इन्स्टॉलेशन चालू केलं. सरळ पुढं गेलं. एसएसडीचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढला, तर त्यात सीआरसी एररचा आकडा वाढलेला. हा आकडा वाढतो तेव्हा डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडतोय. ती वाट म्हणजे डिस्कची पातळ पट्टीसारखी फ्लेक्स केबल. ॲल्युमिनियमच्या खोक्याला घासत ती इतकी वर्षं राहिलेली. जुनी डिस्क हळू, तिला ही केबल पुरत होती. एसएसडीचा वेग आला आणि केबल उघडी पडली.

रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात ही केबल कुठं मिळणार? पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं सकाळी आली असती, पण तेवढा वेळ तिच्याकडं नव्हता. शाहूपुरीतल्या एका मित्राकडं याच मॉडेलचा पाणी गेलेला डेड पीस पडून होता. त्याला फोन केला. त्यानं घरून येऊन दुकान उघडलं, केबल काढून दिली आणि पैसे विचारल्यावर रागावला. केबल बसवण्याआधी खोक्याच्या आतल्या बाजूला, जिथं ती घासते तिथं, उष्णता सोसणारी टेप लावली. ही टेप मी आता या मॉडेलच्या प्रत्येक कामात लावतो.

त्यानंतर सीआरसीचा आकडा जागचा हलला नाही. सोनोमा उठलं, पण ग्राफिक्सविना. खिडकी ओढली की मागं तुकडे राहत होते, वायफायचं चिन्ह मेलेलं. लॅनची केबल लावली, पॅच लावला, रीस्टार्ट केलं. खिडक्या गुळगुळीत सरकायला लागल्या, वायफायनं दुकानाचं नाव दाखवलं. मग आतल्या डिस्कच्या ईएफआयवर ओपनकोअर बसवलं. हे राहून गेलं की पेन ड्राइव्ह काढल्याबरोबर पडद्यावर नुसतं आडवी रेघ मारलेलं वर्तुळ दिसतं.

एक्सकोड उतरून बसायला रात्र झाली. मामांनी समोरून सगळ्यांना वडापाव आणले. प्रोजेक्ट उघडला तेव्हा ती काही बोलली नाही, खुर्ची पुढं ओढून सरळ टाइप करायला लागली. मशीन फास्ट नव्हतं. बिल्डला, म्हणजे कोडचं ॲप तयार व्हायला, लागणारा वेळ नव्या मॅकच्या मानानं कितीतरी जास्त. मॅकवरच नकली आयफोन दाखवणाऱ्या सिम्युलेटरचा भार टाकण्यापेक्षा तिचा जुना आयफोन केबलनं जोडला आणि त्यात डेव्हलपर मोड चालू केला. स्वतःच्या फोनवर ॲप चालवून बघायला साधा मोफत ॲपल आयडी पुरतो, फक्त ते सात दिवसांनी पुन्हा घालावं लागतं.

कंपनीचं काम फोनवर चढवण्याआधी नवं मशीन पारखायला तिनं स्वतःचं एक ॲप फोनवर चढवलं. गावच्या दूध संस्थेच्या स्लिपवरची फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) टाकली की दर आणि दहा दिवसांचं बिल निघतं असं. मामांनी खिशातून सकाळची स्लिप काढली. आकडे घातले. रुपये जुळले.

“ह्ये तू केलंयस?” त्यांनी विचारलं. लेक वर्षभर या पेटीवर काय करते हे त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं असावं.

निघताना त्यांनी विचारलं, “किती वर्सं चालंल?” मी खरं तेच सांगितलं. ॲपल साधारण अलीकडच्या तीन आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या देतं, त्यामुळं सोनोमाचा काळ मर्यादित आहे. जून २०२५ मध्ये ॲपलनं जाहीर केलंय की टाहो ही इंटेल मॅकसाठीची, म्हणजे या मशीनसारख्या इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठीची, शेवटची आवृत्ती. म्हणजे ही वाट पुढं बंदच होणार. तोवर पोरीच्या हातात नोकरी आणि नोकरीच्या पैशातून नवं मशीन आलं, तर या मॅकबुकनं त्याचं काम केलं. मी सामानाचे आणि मजुरीचे पैसे घेतले. सॉफ्टवेअरचे घेत नाही.

तिनं सोमवारी संध्याकाळीच काम पाठवलं. त्या कंपनीत झालं नाही, पण पुढं दुसरीकडं तिला इंटर्नशिप मिळाली, याच मशीनवर. मधे एक अपडेट आलं तेव्हा पॅचरची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबून तिनं पॅच घरीच लावला, मला नुसतं कळवलं.

परवा तिचा फोन आला. मैत्रिणीकडं २०११ चा मॅकबुक प्रो आहे, त्यावर सोनोमा घालू का म्हणाली. मी नको म्हटलं. त्या ग्राफिक्सला मेटल, म्हणजे नव्या सिस्टिमला लागणारी ॲपलची ग्राफिक्स यंत्रणा, चालत नाही, पॅच लागेल पण पडदा अडखळत राहील आणि एक्सकोडचं काम त्यावर नीट होणार नाही. त्यात एसएसडी घाल, लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाक, मैत्रीण अभ्यासाला वापरेल. आणि झाकण उघडलंच आहेस तर केबलखाली टेप लावायला विसरू नको.

“टेप घेऊनच ठेवलीय काका,” ती म्हणाली.