एकवीस पुतळ्यांतली एक

सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं तेव्हापासून आमच्या वेंगुर्ल्याच्या पेढीवर घेणाऱ्यांपेक्षा मोडणारेच जास्त. मोडीत वजनाला पाच मिनिटं लागतात, बाकी सगळा वेळ माल सुटा करण्यात जातो. दोरा, मेण, लाख, काचमणी निघाले की उरतो डाख, म्हणजे सांधे जोडायला वापरलेला धातू. जुन्या दागिन्यांचा डाख हलक्या कसाचा असतो, त्यामुळे घट, म्हणजे वजनातली तूट, धरावीच लागते. आणि घट म्हटलं की सोनार चोर!

जुनी नाणीही येतात. १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. १९४० पासून चांदी निम्मीच, आणि १९४७ चा तर चक्क निकेलचा. गोवा जवळ असल्यामुळे १८८२ चे पोर्तुगीज रुपियेही येतात. हे सगळं पाठ असतं, भाव सांगायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो सोबत आलेल्या नातवाला समजवायला. त्याने मोबाइलवर पाहिलेलं असतं की वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांत जातं. ते नाणं २०१२ सालचं, ढिगाने काढलेलं. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला होता, पण तो कोणी फॉरवर्ड करत नाही.

तर त्या दिवशी रेडीकडच्या एक काकी पुतळ्यांची माळ घेऊन आल्या. सासूची माळ, नाण्यासारख्या गोल सोन्याच्या एकवीस पुतळ्या. दोन मुलींना सारख्या चेनी करायच्या होत्या. एकवीस निम्म्या होत नाहीत, म्हणून सगळं आटवायचं. हिशेब साधा होता.

हल्लीच्या पुतळ्या ठशाच्या, पत्र्यासारख्या पातळ. जुन्या पुतळ्या मात्र खऱ्या नाण्याची नक्कल. मूळ नाणं व्हेनिसचं, डुकाट. मसाल्याच्या मोबदल्यात तांबड्या समुद्राच्या वाटेने ते आपल्या किनाऱ्यावर उतरायचं आणि इथे बायकांच्या गळ्यात जायचं. मागणी वाढली तसं इथल्या कारागिरांनी ते नुसतं पाहून ठोकलं. अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून नकलेत अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. या माळेतल्या वीस पुतळ्या तशाच होत्या.

एकविसावी भिंगाखाली धरली आणि हात थांबला. एका बाजूला संत मार्क उभा, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला ड्यूक, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला बदामी चौकटीत येशू, भोवती चांदण्या. आणि कडेने अक्षरं, रेघा नव्हेत, स्पष्ट रोमन अक्षरं: लुडोव्हिको मानिन. व्हेनिसचा शेवटचा ड्यूक, १७८९ ते १७९७. पुढे नेपोलियनने ते राज्यच बुडवलं. त्या वेळी आमच्या सावंतवाडीत तिसरे खेमसावंत राज्य करत होते. कसोटीवर घासली तर पिवळीधमक रेघ, तेजाब टाकलं तरी हलली नाही. माळेसाठी वर कडी डाखलेली होती. संग्राहक तेवढ्याच कारणाने भाव पाडतात, पण सोन्यापेक्षा वर काहीतरी द्यायचेच.

बाबा असते तर बोलले नसते. त्यांच्या डबीत १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया आहे, ज्यात राजाच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती लोकांना डुक्कर वाटला आणि सरकारला रुपया परत घ्यावा लागला. दुदांडी शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, आहेत. सगळं वजनाच्या भावाने आलेलं. आज त्या डुकराच्या रुपयाला चांदीच्या कितीतरी पट किंमत येते. विकणाऱ्याला काही सांगायचं असतं, हे त्या पिढीच्या धंद्यात बसतच नव्हतं.

मी सांगितलं. म्हटलं, "काकी, ही एक आटवू नका. हिच्या वजनाचं शुद्ध सोनं मी माझ्याकडचं घालतो, वर थोडे पैसे देतो, ही मला द्या."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "शेटानू, तुमी जादा देतात म्हणजे ती त्याच्याहून जादाची आसतली."

"कडी आहे, म्हणून फार नाही. पण सोन्यापेक्षा जास्त, हे खरं. नाहीतर विकू नका, ठेवा घरात."

"ठेवन ती कोणाक देवची? दोगी चेडवां भांडतली. आटवा, माज्यासमोर."

उद्या या म्हटलं, तर "उद्या कित्याक?"

आटवली. मुशीत टाकणखार टाकून आधी वीस पुतळ्या सोडल्या, मग ती. बाकीचा रस झाला तरी ती क्षणभर तशीच, कारण शुद्ध सोनं वितळायला जास्त ताव लागतो. मग गेली. काकी स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. चेनी एकाच नमुन्याच्या, काट्यावर सारख्या. मजुरीत मात्र त्यांनी घासाघीस केलीच.

बाजारातल्या एका व्यवसायबंधूंना हे सांगितलं तर ते हसले. "बोललास कशाला? मुशीत टाकताना बदलायची." त्यांच्या एसी पेढीत हेच चालत असणार. पण माझ्या डोक्यातून अजून जात नाही ते दुसरंच. मी बोललो नसतो तर ती पुतळी आज बाबांच्या डबीत शाबूत असती. मी बोललो, म्हणून काकींना संशय आला आणि ती गेली. सोनं त्यांचं, निकाल त्यांचा, आणि त्यांचा हिशेब चुकीचा होता असंही मला म्हणवत नाही.

गणपतीच्या आधी धाकटी मुलगी चेनीचा हूक बदलायला आली. आईने घरी काहीतरी सांगितलं होतं. "ती एक पुतळी वेगळी होती म्हणे. कितीची होती?"

मी साडेतीन ग्रॅम धरून त्या दिवसाचा सोन्याचा भाव सांगितला. तिने तिथल्या तिथे दोनाने भागला आणि हुकाचे पैसे देऊन गेली.