नऊ टक्के लिम्फोसाइट

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात मी गेली २२ वर्षे रक्त तपासणीचे काम करते आहे. रिपोर्ट न्यायला आलेला माणूस ताप कसलाही असो, पहिला प्रश्न एकच विचारतो: ‘ताई, प्लेटलेट किती इले?’ यात त्याचा दोष नाही. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे डेंग्यू आणि लेप्टो येतात, दोडामार्गाच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाचीही धास्ती आहे, आणि या तिन्ही आजारांत प्लेटलेट खाली जाऊ शकतात. त्यामुळे पपईच्या पानांचा रस काढणाऱ्या प्रत्येक घराला दीड लाख हा प्लेटलेटच्या खालच्या मर्यादेचा आकडा पाठ आहे. मात्र फ्लू किंवा कोविडसारख्या, छातीत उतरणाऱ्या विषाणूजन्य आजारात त्याच कागदावरची दुसरी एक ओळ, लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, बहुधा अधिक बोलकी असते, आणि ती वाचताना शिकलेली माणसेही चुकतात. मीही चुकत असे.

१६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकले. कौले उडाली, कलमे आडवी झाली, विजेचे खांब वाकले आणि पुढे कित्येक दिवस गावात वीज नव्हती. पेशी मोजणारे यंत्र झाकून ठेवावे लागले. कपाटात आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक, न्यूबॉवर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची चौकोन आखलेली काच, आणि पेशी रंगवायच्या लीशमनच्या रंगाची बाटली होती, म्हणून १८ तारखेला शेजारच्या वाडीतल्या एका ५८ वर्षांच्या तांडेलाचे, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखाचे, रक्त मी खिडकीतल्या उजेडावर मोजले. तापाचा सहावा दिवस होता, कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आली होती आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९३ दाखवत होता.

चेंबरच्या चार कोपऱ्यांतल्या चौकोनांत मिळून १०४ पांढऱ्या पेशी सापडल्या. रक्त वीसपट पातळ केलेले असल्यामुळे या संख्येला ५० ने गुणायचे, म्हणजे दर मायक्रोलिटरला ५,२०० पेशी झाल्या. सर्वसाधारण मर्यादा ४,००० ते ११,००० अशी धरतात, तेव्हा या आकड्यात वावगे काही नव्हते. त्यानंतर रंगवलेली काचपट्टी घेतली. हाताने वर्गवारी करताना एरवी शंभर पेशी मोजून थांबतात; मी त्या दिवशी दोनशे मोजल्या, कारण शंभरांत नऊ मिळाल्या तर केवळ योगायोगामुळेही खरे प्रमाण चारपासून सोळा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, आणि हे माहीत असूनही घाईत आम्ही ते विसरतो. दोनशेंत १८ लिम्फोसाइट मिळाल्या, म्हणजे ९ टक्के. पांढऱ्या पेशींच्या इतर प्रकारांपैकी न्यूट्रोफिल ८४ टक्के होत्या आणि इओसिनोफिल एकही दिसली नाही. प्लेटलेट काचपट्टीवरून अंदाजे १ लाख ७० हजार निघाल्या, आणि एवढे ऐकूनच त्याच्या मुलाचा चेहरा खुलला.

मला मात्र ५,२०० चे ९ टक्के, म्हणजे ४६८, हा आकडा खटकत होता. प्रौढ माणसाच्या रक्तात लिम्फोसाइट पेशी दर मायक्रोलिटरला साधारणपणे १,००० ते ४,००० असतात. मोजणीतला योगायोग दोन्ही बाजूंनी धरला, तरी माझे उत्तर २८० ते ७२० यांच्या मध्येच कुठेतरी पडत होते. काट्यावर पूर्ण विश्वास नसला तरी माल हजाराच्या वजनाचा नाही, एवढे नक्की कळत होते. ऑक्सिमीटरवरचे ९३ आणि हा आकडा या दोहोंमुळे मी त्यांना संध्याकाळची वाट न पाहता दवाखान्यात जायला सांगितले. खरे सांगायचे तर त्यांना पाठवायला ९३ एकटेसुद्धा पुरेसे होते.

या पेशी कमी का होतात? गोवरचा विषाणू किंवा एचआयव्ही लिम्फोसाइट पेशींमध्येच शिरतो. फ्लू आणि कोविड यांत तसा थेट हल्ला हे मुख्य कारण मानले जात नाही. काही पेशी रक्तातून निघून फुप्फुसात, जिथे लढाई चालू असते तिथे, जातात. काही पेशी दाहामुळे पाझरणाऱ्या रसायनांच्या माऱ्यात स्वतःच मरतात. शिवाय आजाराच्या ताणामुळे शरीर जे कॉर्टिसोल सोडते, तेही लिम्फोसाइट कमी करते आणि त्याच वेळी न्यूट्रोफिल वाढवते. म्हणजे रिपोर्टवर दिसणारा आकडा हा शरीरातल्या एकूण फौजेचा नसून, त्या क्षणी रस्त्यावर असलेल्या शिपायांचा असतो. आजार जितका खोल, तितका हा आकडा सहसा खाली असतो, आणि न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट हे गुणोत्तर, जे निरोगी माणसात साधारण एक ते तीन असते, तितके वर जाते. तांडेलाचे नऊच्या वर होते.

मात्र गटाला लागू पडणारी गोष्ट समोरच्या माणसाला लागू करताना सावध राहावे लागते. २०२० च्या आरंभी चीनमधल्या १,०९९ कोविड रुग्णांची जी माहिती प्रसिद्ध झाली, तीत दाखल होतानाच लिम्फोसाइट १,५०० च्या खाली (खालची मर्यादा त्यांनी १,००० ऐवजी एवढी धरली होती) असलेले रुग्ण ८३ टक्के होते. गंभीर रुग्णांत हे प्रमाण ९६ टक्के होते, आणि गंभीर नसलेल्यांतही ८० टक्के. मृत्यू १.४ टक्के होते, अर्थात तेव्हा बरेच रुग्ण अजून रुग्णालयातच होते. जी खूण बहुतेक सगळ्यांच्याच अंगावर असते, तिच्यावरून कोण वाचेल आणि कोण नाही हे कसे ओळखणार? आकडा किती खोल गेला आणि पुढच्या दिवसांत कोणत्या दिशेने सरकला, हे पाहिले तर तिचा उपयोग होतो.

तांडेल तालुक्याच्या ठिकाणी दाखल झाले. ऑक्सिजन लागला आणि १९ तारखेपासून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू झाले. २४ तारखेला मुलाने तिथल्या रिपोर्टचा फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. एकूण पांढऱ्या पेशी १४,८००, न्यूट्रोफिल ९० टक्के, लिम्फोसाइट ६ टक्के. कोणीतरी त्याला सांगितले होते की नवावरून सहावर आले, आता काही खरे नाही. गुणोत्तरही १५ झाले होते. मी त्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. १४,८०० चे ६ टक्के म्हणजे ८८८. सहा दिवसांपूर्वी ४६८ होते. टक्का घटला होता आणि पेशी जवळपास दुप्पट झाल्या होत्या. तरीही त्याला पटेना, तेव्हा मी रापणीचे उदाहरण दिले: जाळ्यात तारली भरमसाट आली, तर बांगड्याचा वाटा कमी होतो, बांगडे कमी होत नाहीत. हे त्याला लगेच कळले.

आता ही तारली आली कुठून, तर ती बरीचशी औषधाने आणली. स्टिरॉइड दिले की रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून असलेल्या न्यूट्रोफिल पेशी प्रवाहात सुटतात, अस्थिमज्जेतूनही जास्त बाहेर पडतात, आणि पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा पंधरा हजारांवर सहज जातो. ऑक्सिजनवर असलेल्या कोविड रुग्णांत याच औषधाने, दिवसाला ६ मिलिग्रॅम या मात्रेने, मृत्यू कमी झाल्याचे जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून दिसले होते. म्हणजे ज्या औषधाने माणूस सावरतो, त्याच औषधाने त्याचे गुणोत्तर बिघडलेले दिसते. अर्थात नवा जिवाणूसंसर्ग झाला तरीही न्यूट्रोफिल वाढतात. तेव्हा त्या पेशींत गडद कण दिसतात का हे काचपट्टी डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते, आणि केवळ यंत्रातून निघालेला कागद ते सांगत नाही. स्टिरॉइड चालू असताना लिम्फोसाइट खाली जाण्याचीच प्रवृत्ती असते. ते चालू असूनही त्या वाढत होत्या, आणि ऑक्सिजनची गरज रोज थोडी कमी होत होती. तांडेल जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी आले.

याच्या उलट घडलेलेही मी पाहिले आहे. त्याच महिन्यात कोविड झालेल्या साठीच्या एका बाईंच्या लिम्फोसाइट १,५०० होत्या, प्लेटलेट उत्तम होत्या, रिपोर्टवर एकही आकडा मर्यादेबाहेर नव्हता, आणि ‘सगळे ठीक आहे, काळजी नको’ असे मी त्यांना सांगितलेही होते. त्या चौथ्या दिवशी गेल्या. त्या वाक्यातला ‘काळजी नको’ हा भाग मी बोलायला नको होता. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी कोविडसाठी जे ‘४सी’ गुणांकन तयार केले, त्यातल्या मृत्यूचा अंदाज करणाऱ्या तक्त्यात वय, लिंग, इतर आजार, श्वासाची गती, ऑक्सिजन, शुद्धीची पातळी, युरिया आणि सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) आहेत. रक्तपेशींचा एकही आकडा त्यात नाही. प्रकृती खालावण्याचा अंदाज करणाऱ्या दुसऱ्या तक्त्यात मात्र लिम्फोसाइट आहेत. माझ्या धंद्याचा मान दुखावला जात असला तरी मला ही वाटणी योग्य वाटते.

लहान मुलांच्या बाबतीत तर प्रौढांचे गणित लावूच नये. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइटच न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात, आणि ५५ टक्के पाहून घाबरलेले आईबाप दर पावसाळ्यात येतात.

त्या मे महिन्यानंतर मी रिपोर्टचा नमुना बदलला. टक्क्यांच्या शेजारी प्रत्यक्ष संख्या छापते, आणि नमुना घेताना ताप येऊन किती दिवस झाले व स्टिरॉइड चालू आहे का, हे विचारून वरच्या कोपऱ्यात लिहिते. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर यंत्र आपोआप काढून देते, पण गावातल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती ओळ मी काढून टाकली. लोक ते मोबाइलवर शोधतात आणि रात्रभर झोपत नाहीत, असे ते म्हणाले. तांडेल ऑगस्टमध्ये पुन्हा तपासणीला आले, तेव्हा त्यांच्या लिम्फोसाइट १,९०० होत्या. ती ओळ मी बोटाने दाखवली. त्यांनी मान डोलावली, चष्मा वर केला आणि खालच्या ओळीकडे पाहत विचारले, ‘आणि प्लेटलेट?’