तुम्ही विचारलंत म्हणून : टोपीवरच का?

"ताई, एवढं चांगलं वाक्य आहे, टी-शर्टवर टाका की. टोपीवर कोण वाचणार?"

आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकते. गिऱ्हाईक विचारतात, नणंद विचारते, धाग्याची रिळं आणून देणारा पोरगासुद्धा विचारतो. मी "बघू की" म्हणून विषय टाळते, कारण मशिन चालू असलं की लांबलचक बोलता येत नाही. आज दुपारपासून लाइट गेलीय, ऑपरेटर घरी गेलाय. तर सांगूनच टाकते.

आमचं सोलापुरात कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं जॉबवर्क आहे. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण आमच्यासारख्यांचं पोट गणवेशावर चालतं. शाळेच्या खिशावरचं बोधचिन्ह, दवाखान्याच्या एप्रनवरचं नाव, वॉचमनच्या खांद्यावरची पट्टी. मशिन एका हेडचं, म्हणजे एका वेळी एकच नग भरणारं, पंधरा सुयांचं. मार्च ते जून जेवायला फुरसत नसते आणि शाळा सुरू झाल्या की मशिनवर धूळ बसते. त्या धुळीच्या दिवसांत टोप्या आल्या.

आणल्या माझ्या भाच्यानं. तो पुण्यात एका बँडमध्ये गिटार वाजवतो. गाणी स्वतः लिहायची, स्वतःच रेकॉर्ड करायची, कुठल्या मोठ्या कंपनीच्या दारात जायचं नाही, सिनेमाची गाणी कुणी कितीही ओरडून मागितली तरी वाजवायची नाहीत. याला ते इंडी म्हणतात. 2010 च्या डिसेंबरात पुण्यात एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा हा शाळेत होता. पुढे तिथे जायला लागला आणि तिथेच बिघडला, असं माझ्या बहिणीचं म्हणणं. कार्यक्रमाचे पैसे प्रवासात आणि साउंडवाल्यात जातात, म्हणून ही पोरं दाराशी टेबल मांडून टी-शर्ट, बिल्ले, स्टिकर विकतात. 2019 मध्ये तो चाळीस कोऱ्या टोप्या घेऊन आला. म्हणाला, "मावशी, आमच्या गाण्याची ओळ भरून दे."

ओळ होती, 'शेवटची बस चुकली तरी तुझ्या गल्लीत चालत येईन.'

आता टोपीवर जागा किती ते ऐका. समोर रुंदीला साडेचार-पाच इंच, उंचीला जेमतेम सव्वादोन. त्यातही खालचा अर्धा इंच सोडायचा, कारण तिथे छज्जा शिवलेला असतो आणि सुई त्याला लागली की मोडते. इंग्रजी अक्षर पाच-सहा मिलिमीटरचं असलं तरी वाचता येतं. आपल्या लिपीला ते परवडत नाही. वर वेलांटी, तिच्यावर अनुस्वार, खाली उकार. एका खोलीत तीन मजले बांधायचे. अक्षर बारीक केलं की 'चुकली'चा उकार म्हणजे नुसती गाठ दिसते. शिवाय शिरोरेषा. डिझाइन टाक्याटाक्यांत मांडून मशिनला द्यायचं, त्याला धंद्यात पंचिंग म्हणतात. पंचिंग करताना प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी ठेवली तर धागा कापड ओढतो, दोन अक्षरांत फट पडते आणि शब्द फुटतो. म्हणून मी आधी सगळी अक्षरं भरते आणि शेवटी शब्दभर एकच सलग रेघ ओढते, पाटीवर लिहायला शिकवायचे तशी. हे मला कुणी शिकवलं नाही. बरेच रुमाल फुकट घालवून कळलं.

तर आठ शब्द बसणार नव्हते. मी म्हटलं, तीन दे. भाचा फुरंगटला, गाण्याचा जीवच जातो म्हणाला. शेवटी 'बस चुकली तरी' एवढंच भरलं, काळ्या टोपीवर पिवळ्या धाग्यानं. कार्यक्रमानंतर त्याचा फोन आला. टेबलापाशी पोरं टोपी उचलायची, तीन शब्द वाचायची आणि उरलेली ओळ गाऊन टाकायची. ज्याला गाणं माहीत नाही तो टोपी परत ठेवायचा.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की टोपीवर पूर्ण वाक्य लिहायचंच नसतं.

याच टोपीची दुसरी गोष्ट. उरलेल्यातली एक आमचा ऑपरेटर घालायचा. नोव्हेंबर 2021 मध्ये एसटीचा संप चालू होता, स्टँडवर गाड्या एका रांगेत उभ्या. हा तिथून चालला होता, तर संपावर बसलेल्यांपैकी एकानं हाक मारली, "काय ओ, बस चुकली तरी काय? आमच्या बाजूनं का विरोधात?" ह्यानं गाणं कधी ऐकलं नव्हतं, ओळ तेवढी माहीत होती, आणि संपाबद्दल काही ठरवलेलं नव्हतं. तो म्हणाला, "चालत येईन, असं आहे पुढं." त्यांनी त्याला बसवून चहा पाजला. प्रेमाच्या गाण्याची टोपी एका दुपारीत राजकीय झाली आणि मला एका टाक्याचीही भर घालावी लागली नाही.

गाण्याची टोपी आणि राजकारणाची टोपी यांत मी एवढाच फरक करते. गाण्याची टोपी ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी असते, खूण पटवण्यासाठी. राजकारणाची टोपी ज्याला पटत नाही त्यानंही वाचावी म्हणून असते. कधीकधी एकच ओळ दोन्ही कामं करते. इंडियन ओशनचे राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होते, त्या खोऱ्यातलं 'माँ रेवा' त्यांच्या बँडनं गायलं. ज्यांनी नंदुरबारकडची बुडालेली गावं पाहिली त्यांना ते नुसतं नदीचं गाणं वाटत नाही. मुंबईत आरेच्या जंगलावरून भांडण पेटलं तेव्हा स्वदेशी नावाच्या रॅप करणाऱ्या पोरांनी तिथल्याच प्रकाश भोईरांना सोबत घेऊन वारली लोकांचं गाणं केलं. ऑक्टोबर 2019 मध्ये रातोरात दोन हजारांवर झाडं पडली. त्या आठवड्यात भाच्याच्या मित्रांनी 'झाड' एवढा एकच शब्द भरून मागितला, हिरव्यावर हिरवा. मी म्हटलं, दिसणार नाही रे. म्हणाले, जवळ आल्यावर दिसेल.

आणि खरं सांगायचं तर हे काही पुण्या-मुंबईच्या पोरांनी शोधलेलं नाही. आपल्याकडे लहानपणीच शिकवतात. उंदराला चिंधी सापडते, तो ती धुऊन घेतो, रंगवून घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, तिला गोंडे लावतो आणि ढोलकं वाजवत गावभर फिरतो. 'राजाच्या टोपीपेक्षा माझी टोपी छान, ढुम ढुम ढुमाक!' राजा टोपी हिसकावतो. उंदीर काय करतो? गाणं बदलतो. 'राजा भिकारी, माझी टोपी घेतली!' राजा वैतागून परत देतो, तर हा लगेच, 'राजा मला भ्याला, माझी टोपी दिली!' टोपी, गाणं आणि सरकारवर टीका, तिन्ही एका गोष्टीत. उंदरानं सदरा शिवला असता तर ही गोष्ट झाली असती का?

माझे आजोबा 1930 साली बारा वर्षांचे होते, सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा. पुढच्या वर्षी 12 जानेवारीला आमच्या गावचे चौघे येरवड्यात फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. आजोबा सांगायचे की रस्त्यात सोजीर दिसला की लोक गांधी टोपी काढून बंडीच्या आत घालायचे आणि तो कोपऱ्यावरून वळला की परत डोक्यावर. मला लहानपणी याची लाज वाटायची, काढायची कशाला म्हणून. आता तसं वाटत नाही. त्या टोपीवर एक अक्षर नव्हतं तरी ती वाचता येत होती, आणि ती परत घालण्यातच सगळं होतं.

काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवलंय की गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांच्या टोप्यांचा विचार केला आणि काश्मिरी टोपीवरून ही बेतली. हलकी, शिवायला सोपी, घडी घालून खिशात ठेवता येते. पांढरी अशासाठी की मळ दिसावा आणि धुवावी लागावी. शिंप्यासारखा विचार केलाय, मला फार आवडतं ते.

अक्षरं नंतर आली. 2011 मध्ये अण्णा हजारेंच्या उपोषणात 'मैं अन्ना हूँ', डिसेंबर 2019 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात भाजपच्या आमदारांच्या भगव्या टोप्यांवर 'मी पण सावरकर'. एक गंमत बघा, टोपीवर माणूस 'मी'नं सुरुवात करतो. बॅनरवर 'झालाच पाहिजे', भिंतीवर 'मुर्दाबाद', टोपीवर मात्र 'मी'. डोकं आपलं असतं ना. दुसऱ्याचं नाव लावायचं तरी ते आपल्याच डोक्यावर. (पक्षांचं कामही मी घेते. पक्ष कोणताही असो, पैसे आधी.)

टी-शर्टचं म्हणाल तर तो सकाळी घातला की संध्याकाळपर्यंत तुम्ही त्या मताचे. जेवताना, बॉससमोर, आजारी माणसाला भेटायला गेलात तरी छातीवर तेच. टोपी दारात काढता येते, आत जाऊन माणसाशी नीट बोलता येतं, बाहेर पडताना परत घालता येते. एटीएमच्या दारावर लिहिलेलं असतं, हेल्मेट आणि टोपी काढून या. मतदान केंद्राच्या 100 मीटरच्या आत प्रचार चालत नाही. मागच्या निवडणुकीत आमच्या रांगेतल्या एका कार्यकर्त्याच्या टी-शर्टवर चिन्ह होतं. पोलिसानं परत पाठवलं, तर तो आडोशाला जाऊन टी-शर्ट उलटा घालून आला, शिवण बाहेर, मानेवर कंपनीचं लेबल. त्याच्यामागे टोपीवाले होते, त्यांनी मुकाट्यानं टोप्या खिशात घातल्या. दर वेळी काढायची म्हणजे दर वेळी घालायची की नाही तेही ठरवावं लागतं. मला ते ठरवणं महत्त्वाचं वाटतं.

त्याच निवडणुकीची माझी फजितीही सांगते. रिकाम्या प्लॉटवर पाटी असते ना, 'ही जागा विकणे नाही', तसं मी 'मत विकणे नाही' असं दोन ओळींत बसवलं. वर 'मत विकणे', खाली 'नाही'. मराठीत व्होट म्हणजेही मत आणि विचार म्हणजेही मत, त्यामुळे स्वतःवरच खूश होते. टोपीवर भरताना खालून वर जायचं आणि मधून बाजूंना, हा नियम आहे, नाहीतर कापड गोळा होत छज्जाकडे सरकतं. खुशीत मी पंचिंग करताना वरची ओळ आधी ठेवली. कापड खाली लोटलं गेलं, छज्जापाशी जाड वळी पडली आणि 'नाही'वर आलं की सुई मोडायची. चार सुया गेल्यावर ऑपरेटरनं खालची ओळ बंद ठेवून लॉट काढला आणि मला विचारायचं म्हणून जेवायला गेला. मदतनीस बाईंनी पॅक करून टाकला. बारा टोप्या, 'मत विकणे'. ऑपरेटर परत येऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, "मॅडम, खाली 'आहे' बसतंय, भरू का?"

त्या बाराही विकल्या गेल्या. नीट भरलेल्यांपैकी नऊ अजून कपाटात आहेत.

पुढे जानेवारी 2025 मध्ये कॅनडातल्या मिसिसागाहून मामेबहिणीनं फोटो पाठवला. ऑन्टारिओ प्रांताचे प्रीमियर, म्हणजे तिथले मुख्यमंत्री, डग फोर्ड, डोक्यावर टोपी, त्यावर 'कॅनडा इज नॉट फॉर सेल'. ओटावातल्या एका जोडप्यानं ट्रम्पच्या लाल टोपीला उत्तर म्हणून काढलेली. ती लाल टोपी 2015 ची, आणि तिच्यावरची 'मेक अमेरिका ग्रेट अगेन' ही घोषणा रेगनच्या 1980 च्या प्रचारातली. दोन्हींकडे अक्षरं भरलेलीच आहेत, छापलेली नाहीत. खाली बहिणीनं लिहिलं होतं, "तुझी पाटी इथपर्यंत आली गं. कॅनडा विकणे नाही."

छापत का नाही, हेही काही जण विचारतात. छापील अक्षर धुता धुता तडकतं आणि एक दिवस आपोआप जातं. भरलेलं जात नाही, उसवावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात एक काका आले, पासष्टीचे असतील. 2019 ला माझ्याकडूनच निळ्या टोपीवर एका नेत्याचं नाव भरून घेतलं होतं. नाव सांगत नाही, मधल्या काळात महाराष्ट्रात कोण कुठून कुठे गेलं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच आहे. "हे काढून द्या," म्हणाले. "लोक म्हणतात मी टोपी फिरवली. मी कुठं फिरवली? मी आहे तिथंच आहे, त्यानं फिरवली."

उसवायचं काम मागून करतात. आतला बॉबिनचा पांढरा धागा ब्लेडनं कापायचा आणि समोरून अक्षर चिमटीनं ओढायचं. अर्धा तास गेला. धागा सगळा निघाला, पण पाच वर्षांच्या उन्हानं टोपी विटली होती आणि अक्षरांखालचं कापड मूळ निळंच राहिलं होतं. आधी पांढरं नाव होतं, आता गडद निळं झालं. उलट जास्त ठसठशीत. वर सुयांच्या भोकांची रांग.

काकांनी टोपी लांब धरून पाहिली, मग जवळ धरून पाहिली. मी म्हटलं, "वर दुसरं काहीतरी भरून झाकू का?"

"काय भरणार?" ते म्हणाले.

मलाही पटकन सुचलं नाही. उसवण्याचे पन्नास रुपये त्यांनी टेबलावर ठेवले. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं. दारापर्यंत टोपी हातात होती, पायरी उतरताना त्यांनी ती डोक्यावर ठेवली आणि गेले.